कंपनीनं पैसे कुठं वाचवले? बजेट लॅपटॉप पारखण्याची एक रीत

पीयूसीचा (कर्नाटकातल्या बारावीचा) निकाल लागला की बेळगावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी सुरू होते. खानापूर, नंदगड, येळ्ळूर, निपाणीकडून आई-वडील मुलांना घेऊन येतात. मुलगी बीसीएला जाणार असते, मुलगा बीकॉमला किंवा इंजिनिअरिंगला, आणि हाताशी तीस-चाळीस हजार असतात. टेबलावर लॅपटॉप ओळीनं मांडलेले, प्रत्येकापुढं एक कार्ड. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, स्क्रीन किती इंची. हे आकडे खरेच असतात. पण झाकण उघडताना हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, किती ताण देतो, उन्हाच्या उजेडात अक्षरं दिसतात का, ‘च’ आणि ‘ट’ची बटणं कुठं दडवलीत, चार्जरचा जॅक बोर्डाला थेट डागलेला आहे का, यातलं एकही त्या कार्डावर नसतं. पुढची चार वर्षं त्या मुलीची रोज गाठ पडणार ती याच गोष्टींशी.

म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: कंपनीनं पैसे कुठं वाचवले? महाग लॅपटॉपपेक्षा हा निम्म्या किमतीत मिळतो, म्हणजे कुठंतरी खर्च कापलेला असणारच. त्यात फसवणूक काही नाही. काही काटछाट अशी असते की तुम्हाला कधी जाणवणारही नाही, आणि काही अशी की रोज सकाळी झाकण उघडल्यापासून बोचते. दोन्हीतला फरक ओळखता आला की कार्डावरचे आकडे वाचणं सोपं होतं.

आधी हिंज, मग बाकी सगळं

स्वस्त लॅपटॉपचा जीव बहुतेक वेळा प्रोसेसरमुळं जात नाही, हिंजमुळं जातो. कुठल्याही रिपेअरवाल्याच्या टेबलावर नजर टाकलीत तर कोपऱ्यातून फुगलेला, झाकण एका बाजूनं सुटलेला एखादा तरी लॅपटॉप दिसेल. हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

हिंज स्वतः पोलादी असतो, तो सहसा मोडत नाही. तो ज्याला धरून बसतो ती जागा मोडते. स्वस्त लॅपटॉपच्या खालच्या भागात प्लास्टिकचे छोटे खुंट असतात, त्यांच्यात पितळेच्या आट्यांच्या बारीक नळ्या गरम करून बसवलेल्या असतात आणि हिंजचे स्क्रू त्यात घट्ट केलेले असतात. झाकण उघडताना लागणारा सगळा जोर शेवटी त्या खुंटांवर येतो. जुन्या घरातली दाराची बिजागरी आठवा: सागवानी चौकटीत तोच स्क्रू पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पोकळ फळीत मात्र भोक मोठं होत जातं आणि एक दिवस दार हातात येतं. महागड्या लॅपटॉपमध्ये हिंज धातूच्या चौकटीला धरतो. इथं तो प्लास्टिकला धरतो.

त्यात हिंजमधलं ग्रीस हळूहळू सुकतं आणि तो कडक होत जातो. वापरणारा झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो, म्हणजे दोन हिंजांत वाटला जाणारा भार एकावरच पडतो. कधीतरी ‘टक’ असा आवाज येतो. लॅपटॉप चालूच असतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. आठवडाभरात झाकणाची कड उकलते, मग डिस्प्लेची केबल ताणली जाते आणि साधं काम मोठ्या खर्चाचं होतं.

दुकानात हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. बंद लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि झाकण मधोमध एका बोटानं उचला. खालचा भाग जागेवर राहून झाकण सहज उघडलं तर चांगलं. खालचा भागही वर उचलला जात असेल तर हिंज कडक आहे. पुष्कळांना कडक हिंज म्हणजे मजबुती वाटते. प्लास्टिकच्या अंगावर तो उलट भार असतो. आता झाकण एका कोपऱ्यातून हळू उघडून पाहा. दुसरा कोपरा मागं राहून झाकण पिळवटत असेल, तर झाकणाच्या आत आधार कमी आहे. शेवटी हिंजच्या वरची जागा अंगठ्यानं हलकेच दाबा. करकर आली किंवा फट हलली, तर दुसरा पीस मागा. दुकानदार थोडा वैतागेल. “अण्णा, जरा दुसरा काढून दाखवा की,” असं म्हटलं की काढतो.

लॅपटॉप घेतल्यावर झाकण नेहमी मधून उघडायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. वॉरंटी संपल्यावर हिंज कडक झाल्यासारखा वाटला तर त्याचं नट रिपेअरवाला थोडं सैल करून देतो. वेळेत केलं तर किरकोळ काम आहे.

अंगाचं प्लास्टिक वाईट, असं मी म्हणणार नाही. चांगलं जाड प्लास्टिक पातळ पत्र्यापेक्षा बरं, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत त्याचा एक वेगळा फायदाही आहे, तो पुढं सांगतो. पाहायचं ते त्याचं लवचणं. कीबोर्डच्या मधोमध बोटानं दाबा. सगळी पाटी खाली जात असेल तर टाइप करताना बोटांना आधार मिळणार नाही. लॅपटॉप एका कोपऱ्यानं उचलला की टचपॅडचं क्लिक आपोआप वाजत असेल, तर सांगाडा वाकतोय. ‘मिलिटरी ग्रेड’ असं लिहिलेलं दिसलं तर एवढंच ध्यानात ठेवा की ही चाचणी अमेरिकी लष्कराच्या एका मानकातून घेतलेली असते, तिच्यातल्या कोणत्या कसोट्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते, आणि प्रमाणपत्र देणारी लष्करी संस्था अशी कुणी नसते.

पडदा: इथली काटछाट डोळ्यांना सोसावी लागते

१५.६ इंची स्क्रीन दोन प्रकारांत मिळते. एकीवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे सगळे मिळून साधारण साडेदहा लाख. दुसरीवर १९२० आणि १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त. इंचाच्या हिशेबानं पहिलीत एका इंचात सुमारे १०० ठिपके, दुसरीत १४१. इंग्रजी वाचणाऱ्याला पहिली स्क्रीन चालून जाते. देवनागरीत ‘द्ध’, ‘र्‍या’, ‘क्ष्म’ अशी जोडाक्षरं असतात, वर रफार, खाली उकार. कन्नडमध्ये तर दुसरं व्यंजन खालीच लोंबतं. ठिपके कमी पडले की ही सगळी गर्दी बारीक अक्षरात काळवंडते. आपल्या भागातला विद्यार्थी मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही लिप्या रोज वाचतो. त्यामुळं १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन कितीही स्वस्त मिळाली तरी ती नाकारा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठिपक्यांनंतर पॅनेलचा प्रकार. स्वस्तातलं पॅनेल टीएन असतं, त्याहून चांगलं आयपीएस. फरक कळण्यासाठी कार्ड वाचायची गरज नाही. एखादा माणसांचा फोटो उघडा आणि झाकण पुढं-मागं झुकवा. चेहरे काळे पडले किंवा निगेटिव्हसारखे उलटे दिसू लागले तर टीएन. त्यावर काम करताना सतत झाकणाचा कोन शोधत बसावं लागतं, आणि दोघं मिळून अभ्यास करत असतील तर एकालाच नीट दिसतं.

रंगांतही कपात असते. बजेट स्क्रीनच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. स्क्रीन किती रंग दाखवते याचं ते एक माप. इंटरनेटवरचे फोटो ज्या रंगपट्ट्यात बनतात त्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडे कमीच रंग ती दाखवू शकते. हिशेबाचं टॅली शिकणाऱ्याला किंवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यानं काही अडत नाही, ही काटछाट त्यानं खुशाल स्वीकारावी. पण शहापूर-वडगावात विणकराच्या घरात साड्यांचे फोटो निवडून गिऱ्हाइकाला पाठवायचे असतील, तर अशा स्क्रीनवर लाल रंग विटकरी दिसतो. तिथं स्क्रीनवर विसंबू नका. फोटो मोबाइलवर बघून पाठवा, किंवा रंग पूर्ण दाखवणाऱ्या स्क्रीनला चार पैसे जास्त घाला.

उजेडाचं माप ‘निट्स’मध्ये देतात. बजेट लॅपटॉपमध्ये २२० ते २५० निट्स हे नेहमीचं. खोलीत पुरतात. पडवीत, अंगणात किंवा खिडकीकडं पाठ करून बसलात तर कमी पडतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे चांगले दिसतात, म्हणून लॅपटॉप दाराशी नेऊन एकदा पाहावा. चकचकीत काचेपेक्षा मळकट दिसणारा मॅट पडदा आपल्या घरांतल्या उजेडाला जास्त सोयीचा.

तीन लिप्या, एक कीबोर्ड

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण लॅपटॉपची परीक्षणं करणारे सहसा इंग्रजी टाइप करून बघतात आणि कीबोर्ड चांगला किंवा वाईट ठरवतात.

देवनागरी टाइप करण्याची सरकारमान्य पद्धत म्हणजे इनस्क्रिप्ट. तिची खुबी अशी की भारतीय लिप्यांना ती एकाच आराखड्यात बसवते: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या बटणावर मराठीत ‘क’ येतो आणि भाषा बदलून कन्नड केली की तिथंच कन्नड ‘क’ येतो. ‘म’, ‘न’, ‘र’, ‘प’ सगळे तसेच. म्हणजे आपल्या सीमाभागातल्या मुलानं एकदा इनस्क्रिप्ट शिकलं की मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांसाठी बोटं तयार होतात. ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’सारखे कन्नडचे काही खास स्वर तेवढे वेगळे शिकावे लागतात. शाळेत मराठी माध्यम, कचेरीत कन्नड अर्ज, कॉलेजात इंग्रजी असं ज्यांचं आयुष्य आहे, त्यांच्यासाठी याहून उपयोगी कौशल्य कमीच असेल. विंडोजमध्ये सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही भाषा जोडायच्या आणि विंडोजचं बटण दाबून स्पेसबार दाबला की भाषा पालटते. ज्यांना इनस्क्रिप्ट शिकायचं नाही त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी आणि कन्नड फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार लिहायचा, कीबोर्डही आहे. कन्नडसाठी कर्नाटकच्या सरकारी कचेऱ्यांत वापरलं जाणारं नुडी हे सॉफ्टवेअर मात्र वेगळ्या मांडणीवर चालतं, ते वेगळं शिकावं लागतं.

आता कीबोर्डच्या रचनेकडं या. इनस्क्रिप्टमध्ये ‘च’ अर्धविरामाच्या बटणावर आहे, ‘ट’ त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर, ‘ड’ चौकोनी कंसाच्या बटणावर, ‘य’ तिरप्या रेघेच्या बटणावर आणि ‘कॉलेज’मधला ‘ॉ’ एंटरजवळच्या उलट्या तिरप्या रेघेवर. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही बटणं क्वचित लागतात, म्हणून जागा कमी पडली की कंपन्या याच उजव्या कडेची बटणं अरुंद करतात. नंबरपॅड घुसवलेल्या लॅपटॉपमध्ये तर एंटर, उजवं शिफ्ट आणि ही बटणं एकमेकांना चिकटलेली असतात. मराठीत एकेका वाक्यात ‘य’, ‘च’, ‘ट’ किती वेळा येतात ते मोजून पाहा. शिवाय ‘ण’, ‘ळ’, ‘श’ यांना शिफ्ट धरावं लागतं, म्हणून शिफ्टची बटणं दोन्हीकडं नीट रुंद हवीत.

तेव्हा दुकानात नोटपॅड उघडून मराठीत एक परिच्छेद टाइप करा. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडलेला नसेल तर जोडायला एक मिनिट लागतं. “कॉलेजच्या अर्जावर टपाल तिकीट चिकटवून योग्य ठिकाणी पाठवणे” एवढं वाक्यही पुरे. बोटं कुठं अडखळली ते लगेच कळेल.

बटण किती खोल दबतं तेही पाहा. १.२ ते १.५ मिलिमीटर हे आजकालचं नेहमीचं माप. त्याहून उथळ असेल तर तासाभरात बोटं दुखतात. लॅपटॉप सुरू करायचं बटण कीबोर्डच्याच रांगेत, डिलीटच्या शेजारी असेल तर ते जरा जास्त जोरानं दाबावं लागतं ना, याची खात्री करा. बजेट लॅपटॉपमध्ये बटणांखाली दिवा बहुधा नसतो. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात वीज गेल्यावर अभ्यास करणाऱ्याला तो हवासा वाटेल, पण त्यासाठी चांगली स्क्रीन सोडू नका. यूएसबीवर चालणारा छोटा दिवा मिळतो.

आणखी एक लपलेली काटछाट: पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांत कीबोर्ड स्क्रूनं न बसवता प्लास्टिक वितळवून वरच्या पाटीला चिकटवलेला असतो. एक बटण गेलं तरी अख्खी पाटी बदलावी लागते. घेण्याआधी ओळखीच्या रिपेअरवाल्याला मॉडेलचं नाव सांगून विचारा, तो लगेच सांगेल.

टचपॅडबद्दल एवढंच: दोन बोटांनी पान वर-खाली करून पाहा, आणि चारही कोपऱ्यांत क्लिक नीट लागतं का ते पाहा. बाकी माउस स्वस्त आहे.

आतले आकडे कसे वाचायचे

प्रोसेसरच्या नावात नवा-जुना ओळखायच्या खुणा असतात. एएमडीचा रायझन ३ ७३२०यू घ्या. सुरुवातीचा ७ पाहून नवा वाटतो. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. इथं तो २ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ ही रचना. ऑफिसच्या कामाला ती पुरते, फक्त नव्या पिढीचे पैसे देऊ नका. शिवाय या चिपची मेमरी (रॅम) बोर्डावरच डागलेली असते, पुढं वाढवता येत नाही. इंटेलकडं २०२३ चा एन१०० हा चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग), अतिशय कमी वीज खाणारा प्रोसेसर आहे. ब्राउझर, वर्ड, ऑनलाइन वर्ग यांना तो चालतो. आय३-१२१५यू हा सहा कोरचा, त्याहून बराच ताकदवान. किमतीतला फरक थोडा असेल तर हाच घ्या. सेलेरॉन एन४०२० हा दोन कोरचा आहे, तो आता घेऊ नका. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यानं विभागात आधी विचारावं. मेकॅनिकल आणि सिव्हिलला कॅडची जड सॉफ्टवेअर लागतात, तिथं या यादीतला एकही प्रोसेसर नीट पुरणार नाही. त्या मुलानं कॉलेजची लॅब वापरणं बरं.

रॅम ८ जीबीच्या खाली घेऊ नका. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण ती सुरू होण्यापुरती. ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या उघडल्या की ४ जीबीचा लॅपटॉप अडतो. विचारायचं ते हे: रॅमचा एक तरी स्लॉट मोकळा आहे का? असेल तर आज ८ वर भागवून दोन वर्षांनी वाढवता येईल. लॅपटॉपचं आयुष्य वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

साठवणीत एक सापळा आहे. ‘१२८ जीबी’ असं लिहिलेलं असतं, पण ती एसएसडी आहे की ईएमएमसी, हे बारीक अक्षरात असतं. ईएमएमसी म्हणजे मोबाइलच्या धर्तीची, बोर्डाला डागलेली चिप. तिचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ४०० एमबीच्या घरात, तर एनव्हीएमई या वेगवान जोडणीची साधी एसएसडीही हजारांत जाते. वेग सोडला तरी ईएमएमसी बदलता येत नाही आणि विंडोजचे अपडेट येत राहिले की जागा भरत जाते. ही काटछाट स्वीकारू नका.

काही स्वस्त लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये येतात, त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच सॉफ्टवेअर चालतात. सेटिंगमधून तो फुकट बंद करता येतो, पण एकदा बंद केला की परत चालू होत नाही. क्रोमबुक वेगळं. ते छान चालतं, पण टॅली आणि नुडी त्यावर बसवता येत नाहीत, म्हणून बीकॉमवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

वीज, चार्जर आणि अंगाला येणारी झिणझिण

बॅटरीवर एमएएच आणि वॉट-अवर असे दोन आकडे असतात. तुलना नेहमी वॉट-अवरची करा. ७.६ व्होल्टची ५००० एमएएच बॅटरी म्हणजे ३८ वॉट-अवर, तर ११.४ व्होल्टची ३६५० एमएएच म्हणजे जवळपास ४१.६. आकडा लहान, पण वीज जास्त. साध्या कामाला असा लॅपटॉप ७-८ वॉट खातो, म्हणजे ४० वॉट-अवरची बॅटरी पाचेक तास पुरते. खोक्यावरचे दहा-अकरा तास कमी उजेडात, हलकं काम करून काढलेले असतात. हेस्कॉम या वीज कंपनीची लाइन झाडं पडून तासन्‌तास बंद राहते अशा जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत हा पाच तासांचा हिशेब डोक्यात ठेवूनच लॅपटॉप निवडावा. शहरात मात्र बहुतेक वेळ प्लग लावूनच काम चालतं. अशांनी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करावी, बॅटरी जास्त वर्षं टिकते.

चार्जर टाइप-सी असेल तर फार चांगलं. एक बिघडला तर दुसरा बाजारात कुठंही मिळतो. फक्त टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणून त्यातून चार्जिंग होतंच असं नाही, स्वस्त मॉडेलांत ते पोर्ट फक्त डेटासाठी असतं. दुकानात चार्जर लावून दाखवायला सांगा. गोल पिनेचा चार्जर असेल तर तिचा जॅक बोर्डाला थेट डागलेला आहे की छोट्या वायरीनं जोडलेला आहे, हे विचारा. वायरीचा जॅक थोडक्यात बदलतो. डागलेला ढिला झाला की मदरबोर्ड काढावा लागतो.

आता ती झिणझिण. धातूचं झाकण असलेल्या लॅपटॉपला चार्जर लावून मनगट टेकवलं की मुंग्या आल्यासारखं होतं, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक बारीक कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या बाजूला झिरपतो. तीन पिनांचा चार्जर आणि घरात नीट अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. जुन्या कौलारू घरांत तिसऱ्या भोकात पुष्कळदा वायरच जोडलेली नसते. मग तो प्रवाह तुमच्या हातातून वाट शोधतो. चार्जर चांगला असेल तर एवढ्यानं इजा होत नाही. चटका बसण्याइतकं जाणवलं तर मात्र चार्जर लगेच काढा आणि तपासून घ्या. तिसरी पीन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात चार्जर बसवू नका, आणि एकदा वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग बघून घ्या. लॅपटॉपसाठी नाही, घरातल्या लेकराबाळांसाठी आणि फ्रिज-गिझरसाठीही ते हवंच. प्लास्टिकच्या अंगाचा लॅपटॉप असेल तर ही झिणझिण जाणवत नाही. वर फायदा म्हणालो तो हा.

गरमीचं तसंच. हवा खेचणाऱ्या जाळ्या खालच्या बाजूला असतात, म्हणून गादीवर किंवा घोंगडीवर ठेवून काम केलं की पंखा गुदमरतो, आणि तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लाल मातीची धूळ आणि चुलीचा धूर मिळून पंख्यावर चिकट थर बसतो. वर्षातून एकदा साफ करून घ्या. पावसाळ्यात लॅपटॉप आठवडेच्या आठवडे बंद करून ठेवण्यापेक्षा रोज थोडा चालवावा, आतली ओल उष्णतेनं निघते. कारवारच्या खाऱ्या हवेत पोर्टना गंज लवकर चढतो, तिथं हे आणखी खरं.

कॅमेरा बजेटमध्ये बहुधा ७२०पी चाच असतो, ऑनलाइन मुलाखतीला चेहऱ्यासमोर दिवा ठेवला की भागतं. लॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या वायरीचं, पोर्ट नसलं तर ॲडॉप्टर मिळतो.

जुना चांगला की नवा स्वस्त?

माझं मत विचाराल तर, तीस हजारांच्या आतलं बजेट असेल तेव्हा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपन्यांच्या कचेरीतून निघालेला, दुरुस्त करून विकला जाणारा थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक आधी पाहा. हे लॅपटॉप मुळात महाग होते, त्यामुळं त्यांत हिंज सहसा धातूला धरलेला असतो, कीबोर्ड उत्तम असतो आणि खोलून दुरुस्त करणं सोपं जातं. दोन अटी पाळा. इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरं, सुरू करताना बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) पासवर्ड मागत नाही ना, ते तुमच्यासमोर बघा. आधीच्या कंपनीचं कुलूप राहिलं असेल तर तो लॅपटॉप तुमचा होऊनही तुमचा नसतो. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आज भरणारी क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्या.

कोल्हापूरला, हुबळीला की बेळगावात घ्यायचा, हाही प्रश्न नेहमी येतो. जीएसटी दोन्ही राज्यांत १८ टक्केच आहे, त्यामुळं कर वाचवण्यासाठी सीमा ओलांडण्यात काही मिळत नाही. दर कुठं उतरलाय तो फोनवर विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी येऊन दुरुस्ती करणारी ऑनसाइट वॉरंटी तुमच्या पिनकोडवर लागू आहे का, ते कंपनीच्या साइटवर किंवा ग्राहक क्रमांकावर आधी बघा. बेळगाव शहराला मिळते ती खानापूरच्या आतल्या गावाला मिळेलच असं नाही, आणि मग लॅपटॉप घेऊन शहरात खेपा घालाव्या लागतात. वॉरंटीत हिंज आणि अंगाची मोडतोड धरली आहे का, तेही वाचा. बहुतेक वेळा कंपनी त्याला वापरणाऱ्याची चूक ठरवते. म्हणूनच पहिल्या वर्षात हिंजचा आवाज बदलला तर थांबू नका. काही तुटायच्या आत, बिल आणि सिरीयल नंबर घेऊन तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.